गुरुवारच्या टर्कीची तयारी शनिवारपासून

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. त्या जेवणासाठी टर्की हा मोठा पक्षी अख्खा भाजतात, आणि टर्कीबद्दलचे प्रश्न येतात ते बहुतेक बुधवारी रात्री. तोवर सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून हे सदर आधीच छापतो आहोत. वजनं पाउंडात आणि तापमान फॅरेनहाइटमध्ये दिलंय, कारण तिथल्या पाकिटावर आणि ओव्हनच्या बटणावर तेच असतं. सुरक्षिततेचे आकडे यूएसडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या कृषिखात्याचे आहेत. चवीबद्दलची मतं आमची.

यंदा पहिल्यांदाच घरी टर्की करतोय. १६ पाउंडाची गोठलेली आणली आहे. गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता वीस माणसं जेवायला आहेत. ती फ्रीझरमधून कधी काढू? आमचा फ्रीज भरलेला असतो, पण गॅरेज चांगलं थंड आहे. तिथे ठेवली तर चालेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

शनिवारी सकाळी काढा आणि फ्रीजमध्येच ठेवा. हिशेब साधा आहे. ४० अंश किंवा त्याहून थंड फ्रीजमध्ये दर ४ ते ५ पाउंडांना २४ तास लागतात. म्हणजे १६ पाउंडांना साधारण ४ दिवस, आणि बुधवारी सकाळी टर्की मोकळी होते. मीठ-मसाला लावायला तो एक दिवस हातात राहतो. बर्फ उतरल्यावर टर्की फ्रीजमध्ये आणखी १ ते २ दिवस चांगली राहते, त्यामुळे लवकर काढल्याने काही बिघडत नाही. उशीर झाला तर मात्र बिघडतं.

वरचं प्लास्टिक काढू नका. खोल परातीत किंवा रोस्टिंग पॅनमध्ये, छातीची बाजू वर करून, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. चार दिवसांत भरपूर लालसर पाणी सुटतं. ते खालच्या कोथिंबिरीवर किंवा श्रीखंडाच्या डब्यावर ठिबकलं तर तो माल टाकूनच द्यावा लागतो. फ्रीजमधल्या बटणावर १ ते ५ असे आकडे असतात, त्यावरून तापमान कळत नाही. दहा डॉलरच्या आत मिळणारा फ्रीजचा थर्मामीटर आतल्या कप्प्यात रात्रभर ठेवून बघा. ३७-३८ अंश दाखवला की उत्तम.

गॅरेजवर मात्र विसंबू नका. नोव्हेंबरात न्यू जर्सीत दुपारी ऊन पडलं की गॅरेजचं तापमान पन्नाशीच्या पुढे जातं, आणि पहाटे ते गोठणबिंदूखाली उतरू शकतं. म्हणजे दुपारी वरचं मांस गरम आणि रात्री पुन्हा गोठलेलं. शिवाय उंदीर. त्यापेक्षा फ्रीजमधले लोणच्याच्या बरण्या, सॉस, सोडा, फळं असे चार दिवस बाहेर राहू शकणारे जिन्नस काढून जागा करा, किंवा शेजाऱ्यांच्या दुसऱ्या फ्रीजची चौकशी करा.

ओट्यावर रात्रभर ठेवायचं तर नावच काढू नका. १६ पाउंडाचा गोळा आतून दगड असताना वरचा इंचभर थर काही तासांत खोलीइतका गरम होतो. ४० ते १४० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. ‘नंतर शिजवणारच आहोत ना, मरतील सगळे’ हे निम्मंच खरं. जिवाणू मरतात, पण त्यांतल्या काहींनी तोवर मांसात सोडलेलं विष ओव्हनच्या उष्णतेनेही जात नाही.

बर्फ पूर्ण उतरला की नाही, हे पोटाच्या पोकळीत हात घालून बघा. कडेला खडे लागले तर अजून वेळ आहे. तंगडी सांध्यात सहज वाकली पाहिजे.

वीस माणसांबद्दल एक शब्द. हाडांसकट माणशी १ पाउंड धरतात. १६ पाउंड वीस जणांना पुरेल, तेही सोबत पुलाव-भाज्या असल्या तर. उरणार नाही.

बुधवार रात्र. १२ पाउंडाची टर्की दोन दिवस फ्रीजमध्ये होती, तरी पोटात बर्फ आहे. आता काय करू? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

घाबरायचं कारण नाही. बर्फ कडेला थोडाच असेल तर गुरुवारी सकाळी तासभर गार पाण्यात ठेवली की काम होतं. पूर्ण दगड असेल तर गार पाण्यात पाउंडाला ३० मिनिटं, म्हणजे १२ पाउंडांना ६ तास धरा.

पाकीट फाटलेलं नाही ना, हे आधी बघा. शंका असेल तर मोठ्या जाड पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, नाहीतर मांस पाणी पितं आणि चव फिकी पडते. सिंकमध्ये किंवा मोठ्या बादलीत, छातीची बाजू खाली, पूर्ण बुडेल इतकं नळाचं गार पाणी घाला आणि दर ३० मिनिटांनी बदला. सहा तासांत बारा वेळा. मोबाइलवर गजर लावा, कारण तिसऱ्या बदलानंतर सगळेच विसरतात. गरम पाणी वापरायचं नाही. ओट्यावर ठेवल्याने जे होतं तेच त्याने जास्त लवकर होतं. पाण्यात डीफ्रॉस्ट केलेली टर्की लगेच शिजवायची, पुन्हा फ्रीजमध्ये ‘उद्यासाठी’ ठेवायची नाही. मायक्रोवेव्हचंही तसंच, आणि एवढी टर्की बहुतेकांच्या मायक्रोवेव्हमध्ये मावतही नाही.

तेवढाही वेळ नसेल तर गोठलेलीच ओव्हनमध्ये घाला. ऐकायला विचित्र वाटतं, पण ही पद्धत सुरक्षित आहे. ओव्हन ३२५ अंशांवर आणि वेळ नेहमीच्या दीडपट: १२ पाउंडाच्या टर्कीला एरवी ३ तास लागतात, तर इथे साडेचार तास धरा. मान आणि कलेजी-पेठ्याची पिशवी सुरुवातीला आत चिकटलेली असते. तीनेक तासांनी मांस सैल झालं की लांब चिमट्याने ती काढा. मीठ-मसालाही तेव्हाच लावा, गोठलेल्या कातडीवर काहीच चिकटत नाही. गोठलेली टर्की तळायची मात्र नाही, ग्रिलवर नाही आणि धुरीच्या स्मोकरमध्येही नाही. पोटात सारण भरून विकत मिळणारी गोठलेली टर्की या सगळ्याला अपवाद आहे. ती डीफ्रॉस्ट न करता पाकिटावर लिहिल्याप्रमाणे थेट शिजवायची असते.

कलेजीची पिशवी आत राहून गेली आणि टर्की तशीच भाजली. टाकून द्यायची का?

पिशवी कागदी असेल तर नाही. मांस आणि कलेजी दोन्ही १६५ अंशांपर्यंत शिजलं असलं म्हणजे झालं. प्लास्टिकची असेल आणि वितळली किंवा आकार बदलला असेल तर टर्की खाऊ नका. पिशव्या बहुधा दोन असतात: पोटाच्या पोकळीत मान, आणि गळ्याच्या बाजूला कातडीच्या घडीखाली कलेजी-पेठा. दुसरी हमखास विसरते.

घरी चिकन आम्ही तीन पाण्यांनी धुऊन हळद-मीठ लावतो. टर्की कशी धुवायची? बाथटबमध्ये? (डॅलस, टेक्सस)

कुठेच नाही. धुण्याने मांसावरचे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू निघून जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते सिंक, ओटा, नळाची मूठ आणि बाजूला निथळत ठेवलेल्या ताटांवर पसरतात. टर्कीसारखा मोठा पक्षी नळाखाली धरला तर हे शिंतोडे किती लांब उडतात, ते काळ्या ओट्यावर एकदा बघाच. मारायचं काम ओव्हनच्या उष्णतेचं आहे.

बुळबुळीतपणा नको असेल तर कागदी टॉवेलने आतून-बाहेरून कोरडी करा आणि टॉवेल थेट कचऱ्यात टाका. हळद-मीठ खुशाल लावा, त्यासाठी धुवावं लागत नाही. कोरडी केलेली कातडी कुरकुरीतही होते, ओली वाफवल्यासारखी राहते.

डीफ्रॉस्टसाठी सिंक वापरलं असेल तर आधी साबणाने घासा, मग १ गॅलन पाण्यात १ मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून पुसा आणि आपोआप वाळू द्या.

अख्ख्या टर्कीला तंदुरी मसाला लावायचा आहे. मागच्या खेपेला बाहेरून काळी आणि आतून अळणी झाली, आणि रसाची ग्रेव्ही मात्र खारट. (शिकागोजवळ)

तीन गोष्टी एकत्र झाल्यात, एकेक बघू.

आधी पाकीट वाचा. दुकानातल्या बऱ्याच गोठलेल्या टर्कींत मिठाचं पाणी सुईने भरलेलं असतं. पाकिटावर ‘अमुक टक्के द्रावण’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अशा टर्कीला पुन्हा पूर्ण मीठ लावलं की मांसातून उतरलेला रस खारट होतो. कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे तयार केलेल्या टर्कीलाही आधीच मीठ लावलेलं असतं. या दोन्हींना मसाल्यात फक्त चवीपुरतं, १ छोटा चमचाभर मीठ पुरे. साध्या टर्कीला दर ४ ते ५ पाउंडांना १ मोठा चमचा जाडं कोशर मीठ लागतं. घरातलं बारीक मीठ असेल तर त्याच्या निम्मं.

आतून अळणी राहिली कारण दह्यातला मसाला मांसात काही मिलिमीटरच शिरतो. खोल जातं ते फक्त मीठ, बाकी सगळं वरच राहतं. म्हणून मसाला कातडीवर नाही, कातडीखाली घालायचा. गळ्याच्या बाजूने बोटं आत सरकवत छातीवरची कातडी हळूहळू सोडवा. नखं कापलेली आणि अंगठी काढलेली हवी. मधल्या रेषेत ती थोडी चिवट असते, तिथे जोर लावला की फाटते. मग मांड्यांपर्यंत जा. तंगडी आणि मांडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरे द्या. छातीला देऊ नका, ती कोरडी पडते.

१२ पाउंडाच्या टर्कीला हे प्रमाण पुरतं: घट्ट दही किंवा ग्रीक योगर्ट २ कप, आलं-लसूण वाटण ४ मोठे चमचे, काश्मिरी तिखट २ मोठे चमचे, धणे-जिरे पूड २ मोठे चमचे, गरम मसाला १ मोठा चमचा, हळद १ छोटा चमचा, लिंबाचा रस पाव कप, तेल पाव कप. कांदा-लसूण मसाला घातला तर तिखट निम्मं करा. चक्का असेल तर अधिक छान, पाणी सुटत नाही. यातलं तीन चतुर्थांश कातडीखाली आणि पोटात, उरलेलं तंगड्यांच्या चिऱ्यांत. फ्रीजमध्ये १२ ते २४ तास ठेवा. दोन दिवसांवर जाऊ नका, दह्याच्या आंबटपणाने वरचा थर पिठूळ होतो. कच्च्या मांसाला लागलेलं उरलेलं वाटण टाकून द्या किंवा खळखळून उकळूनच ग्रेव्हीत घाला.

काळी पडली ती कातडीवरच्या दह्यातली साखर आणि मसाला तीन तास भाजल्यामुळे. कातडीला फक्त तेल-तिखटाचा हात फिरवा. रंग आला की फॉइल सैल घाला.

किती वेळ भाजायची? माझ्याकडे टर्कीतच बसवलेलं, वर उडी मारणारं लाल बटण आहे. तेवढं पुरतं ना?

नाही. ते बटण एकाच जागचं तापमान सांगतं, आणि तेही बहुधा छातीचं. मांडी तेव्हा कच्ची असू शकते. पंधरा डॉलरांचा डिजिटल थर्मामीटर घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

ओव्हन ३२५ अंशांच्या खाली नको. ३२५ वर, सारण न भरलेल्या टर्कीला लागणारा वेळ असा: ८ ते १२ पाउंड पावणेतीन ते ३ तास, १२ ते १४ पाउंड ३ ते पावणेचार तास, १४ ते १८ पाउंड पावणेचार ते सव्वाचार तास, १८ ते २० पाउंड सव्वाचार ते साडेचार तास, २० ते २४ पाउंड साडेचार ते ५ तास. हे आकडे फक्त पाहुण्यांना वेळ सांगण्यापुरते. फ्रीजमधून काढलेल्या टर्कीचं आतलं तापमान, पॅनचा रंग, दार किती वेळा उघडलं, पंखा चालू आहे की नाही, यावर अर्धा-पाऊण तास सहज इकडचा तिकडे होतो. म्हणून सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पहिलं माप घ्या.

मापाच्या जागा तीन: मांडीचा सगळ्यात आतला भाग, जिथे ती धडाला मिळते, पंखाचा आतला भाग, आणि छातीचा सर्वांत जाड भाग. टोक हाडाला लावायचं नाही, हाड मांसाहून गरम असू शकतं आणि आकडा फसवतो. तिन्ही ठिकाणी १६५ दिसले की टर्की सुरक्षित. थर्मामीटर बरोबर आहे का हे बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ३२ दाखवायला हवं.

जुन्या पुस्तकांत १८० अंश असतं. यूएसडीएने २००६ मध्ये सगळ्या पक्ष्यांच्या मांसासाठी १६५ हा एकच किमान आकडा सांगितला. कॅनडाचं आरोग्यखातं मात्र अख्ख्या पक्ष्याला ८२ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १८० अंश फॅरेनहाइट सांगतं आणि तुकड्यांना ७४ अंश सेल्सिअस. टोरांटो-मिसिसागाच्या वाचकांनी तिथला आकडा पाळावा. त्यांचं थँक्सगिव्हिंगही ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं.

छाती कोरडी का पडते, याचं मूळ इथेच आहे. छातीचं पांढरं मांस १६५ ला उत्तम लागतं आणि १७५ ला भुशासारखं. मांडी-तंगडीचं गडद मांस १६५ ला सुरक्षित असतं पण चिवट. ते १७५ ते १८० ला मऊ होतं, कारण त्यातल्या चिवट तंतूंचं जिलेटिन व्हायला उष्णता आणि वेळ लागतो. एका पक्ष्यात दोन तापमानं हवीत आणि ओव्हन देतो एकच. छाती १५० ला आली की तिच्यावर दुपदरी फॉइल घाला, तंगड्या उघड्या ठेवा. याहून पक्का उपाय म्हणजे कण्याचं हाड कात्रीने कापून काढायचं आणि टर्की पुस्तकासारखी उघडून छाती वर करून सपाट दाबायची. ४२५ अंशांवर १२ पाउंडाची टर्की साधारण दीड तासात होते, मांड्या कडेला येतात म्हणून लवकर शिजतात आणि कातडी सगळीकडून कुरकुरते. टेबलावर अख्खी मांडून फोटो काढायचा नसेल तर आमचं मत याच पद्धतीला.

बाहेर काढल्यावर कापण्याआधी निदान २० मिनिटं राहू द्या. लगेच सुरी लावली की रस पाटावर वाहून जातो.

१६५ दाखवतंय, पण हाडाजवळ मांस गुलाबी आहे. पाहुणे खायला तयार नाहीत.

थर्मामीटरवर विश्वास ठेवा. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातला रंग मांसात उतरतो, गॅसच्या ओव्हनमध्ये किंवा धुरीत शिजवलं की पृष्ठभागाखाली गुलाबी कडा राहते. उलट, पांढरं दिसणारं मांसही कच्चं असू शकतं. रंग किंवा ‘रस पारदर्शक निघाला’ ही खूण धरू नका. पाहुणे ऐकत नसतील तर तेवढे तुकडे तव्यावर परतून द्या, वाद घालण्यात जेवण थंड होतं.

पोटात खिमा-पुलाव भरून भाजली तर?

भरता येते, आम्ही मात्र वेगळ्या भांड्यात भाजा म्हणू. सारणाच्या मध्यभागीही १६५ व्हायला हवं, आणि तिथे उष्णता शेवटी पोचते. तोवर छाती वाळते. भरायचीच असेल तर खिमा आधी पूर्ण शिजवा, ओव्हनमध्ये घालण्याच्या अगदी आधी सैलसर भरा, पाउंडाला पाऊण कपापेक्षा जास्त नाही, आणि पाऊण तासापर्यंत वेळ वाढवा. रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

पॉटलक मैत्रिणीकडे आहे, एक तासाच्या ड्राइव्हवर. बुधवारी निम्मी भाजून गुरुवारी तिच्या ओव्हनमध्ये पूर्ण करू? किंवा रात्रभर २०० अंशांवर ठेवून देऊ? (अटलांटा)

दोन्ही नको. अर्धवट भाजलेल्या टर्कीचा आतला भाग कोमट होतो, जिवाणू मरत नाहीत, आणि मग फ्रीजमध्ये ती तासन्‌तास कोमटच राहते. २०० अंशांच्या ओव्हनमध्येही आतला भाग फार वेळ धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळतो.

बुधवारी पूर्ण शिजवा. २०-३० मिनिटांनी हाडांवरून मांस सोडवा, छातीचे काप करा, तंगड्या सुट्या काढा, दोन इंचांहून कमी उंचीच्या ट्रेमध्ये पसरा आणि फ्रीजमध्ये घाला. गुरुवारी बर्फाच्या कूलरमध्ये न्या. तिथे ट्रेमध्ये कपभर गरम रस्सा किंवा स्टॉक (हाडं उकळून गाळलेलं पाणी) ओतून, फॉइल घट्ट लावून, ३२५ अंशांवर १६५ येईपर्यंत तापवा. रस्सा घातल्याने काप सुकत नाहीत. अख्खी गरम टर्की नेलीत तर ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांत वाढली गेली पाहिजे. वाटेतला ट्रॅफिक त्या दोन तासांत मोजा.

घरात निम्मे पाहुणे शाकाहारी आणि ओव्हन एकच.

आधी शाकाहारी पदार्थ भाजून बाजूला ठेवा, किंवा टर्की विश्रांती घेत असते त्या २०-३० मिनिटांत ते तापवा. एकाच वेळी घालायचे असतील तर टर्की खालच्या रॅकवर, शाकाहारी भांडं वरच्या रॅकवर आणि फॉइलने बंद, कारण चरबीचे थेंब उडतात. ज्यांना तोच ओव्हन चालत नाही त्यांच्यासाठी टोस्टर ओव्हन किंवा इन्स्टंट पॉट वापरा आणि हे त्यांना आधीच सांगा. पाट, सुरी आणि चिमटा वेगळा. कोशिंबीर टर्कीला हात लावण्याआधी चिरून फ्रीजमध्ये ठेवली की अर्धं काम सोपं होतं.

मोठ्या कढईत अख्खी टर्की तळायची आहे. मागच्या लाकडी डेकवर पाऊस लागत नाही. (ह्यूस्टन)

डेकवर नको, गॅरेजमध्ये नको, छपराखाली नको. घरापासून लांब, सपाट सिमेंटवर किंवा मातीवर. टर्की १२ पाउंडांपर्यंतचीच घ्या आणि बर्फाचा कणही राहता कामा नये. तापलेल्या तेलात पाणी पडलं की क्षणात वाफ होते, तेल उसळून बर्नरवर सांडतं आणि भडका उडतो. दरवर्षी आगी लागतात त्या यानेच.

तेल किती, हे आदल्या दिवशी पाण्याने मोजा. रिकाम्या भांड्यात टर्की ठेवा, एक-दोन इंच वर येईल इतकं पाणी घाला, टर्की बाहेर काढा आणि उरलेल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. तेवढंच तेल. मग भांडं आणि टर्की दोन्ही कोरडीठाक करा. शेंगदाण्याचं तेल ३५० अंशांवर, पाउंडाला ३ ते ५ मिनिटं. शेवटी माप तेच, १६५. टर्की सोडताना आणि काढताना बर्नर बंद.

उरलेली टर्की किती दिवस खायची? हाडांचा पांढरा रस्सा होईल का? आमच्याकडे मोठं पातेलं रात्रभर गॅसवर राहतं. (सिएटल)

रस्सा उत्तम होतो, पण पातेल्याची सवय बदला.

ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांत मांस फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. गप्पांत हा वेळ कसा जातो कळत नाही, म्हणून जेवण वाढून झालं की कुणीतरी एकाने हाडांवरचं मांस सोडवायला घ्यावं. अख्खा सांगाडा फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये कोंबला तर मध्यभाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो. छोटे, उथळ डबे. गुरुवारचं मांस फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस, म्हणजे फार तर सोमवारपर्यंत. त्यानंतर वास चांगला येत असला तरी नको. आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना वास असतोच असं नाही. फ्रीझरमध्ये रस्सा किंवा ग्रेव्ही घालून ठेवलं तर चार महिन्यांपर्यंत चव टिकते, कोरडे काप त्याआधीच सुकतात. पाहुण्यांना डबे बांधून देणार असाल तर गार झालेले द्या, आणि लांब जाणाऱ्यांना बर्फाची पिशवी.

रात्रभर गॅसवर राहिलेल्या पातेल्यात वाढतो तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू. त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि मोठं पातेलं हळूहळू निवताना जागे होतात. पाच लिटर स्टॉक ओट्यावर निवायला सहा-आठ तास घेतो, ती त्यांची मेजवानी. गाळल्यावर स्टॉक दोन-तीन रुंद भांड्यांत ओता, सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, आणि कोमट झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये.

१२ पाउंडाच्या टर्कीचा सांगाडा मोडून ४ लिटर पाणी, एक कांदा, बोटभर आलं, दहा मिरी, दोन तमालपत्रं घालून मंद आचेवर २-३ तास ठेवा. कुकरमध्ये पाऊण तास पुरतो. फेस काढत राहा. मीठ आत्ता घालू नका. द्रावण भरलेल्या टर्कीची हाडंही खारट असतात, आणि तंदुरी मसाल्याची टर्की असेल तर रस्सा पांढरा होणार नाही, मग त्याचा तांबडाच करावा.

पांढऱ्यासाठी ६ कप स्टॉक घ्या. २ मोठे चमचे खसखस आणि १०-१२ काजू गरम पाण्यात भिजवून गंधासारखे वाटा. तुपात लवंग, वेलची, दालचिनी, दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या घालून वाटण मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. स्टॉक ओता, उकळी आणा, आच अगदी कमी करून १ कप दाट नारळाचं दूध घाला. यानंतर खळखळ उकळलं तर दूध फाटतं. शिजलेलं मांस शेवटी घाला, वाफ येऊन गरम होईपर्यंतच. मीठ चाखून. दुसऱ्या दिवशी खायचा तर लागेल तेवढाच बाहेर काढून १६५ अंशांपर्यंत तापवा, अख्खं पातेलं पुन्हापुन्हा गरम करू नका.

फ्रीझरमध्ये मागच्या वर्षीची टर्की सापडली. मध्ये एकदा सहा तास वीज गेली होती.

शून्य अंश फॅरेनहाइटवर सलग गोठलेली टर्की सुरक्षित राहते. चवीसाठी वर्षाच्या आत वापरलेली बरी. भरलेला फ्रीझर दार न उघडता ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. सहा तासांनी काही झालं नसणार. पाकीट फाटून मांसावर करडे, कोरडे डाग पडले असतील तर तेवढा भाग कापून टाका आणि उरलेली टर्की रस्सा-बिर्याणीला वापरा, अख्खी भाजण्यात मजा येणार नाही. फ्रीजमधली टर्की मात्र वीज गेल्यावर चारच तास धरा, आणि ४० अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिली असेल तर टाका.